खुर्ची पुसणारा गडी

नाटकात ह्यांना एकही वाक्य नव्हतं. भिंतीवरच्या जाहिरातीत सगळ्या नटांची नावं संपली की अगदी तळाला, वाऱ्याने पहिला फाटतो त्या कोपऱ्यात, "आणि एक गडी" असं छापलेलं असायचं. तो गडी म्हणजे आमचे हे. पडदा उघडायच्या आधी रंगमंच झाडायचा, खुर्च्या-टेबलं खडूच्या खुणांवर मांडायची, आणि मग तोंड धुऊन, पांढरा सदरा चढवून नाटकातला गडी व्हायचं. झाडणारा वेगळा आणि गडी वेगळा ठेवण्याइतके आमच्या नाटक मंडळीचे मालक उधळे नव्हते.

मी त्याच मंडळींचा कपडेपट सांभाळायची. उसवलेलं शिवायचं, मळलेलं धुवायचं, आणि कपडा अंगावर असताना कुठे टेकायचं नाही हे नटांना ओरडून ओरडून सांगायचं. माझी जीभ तिखट आहे असं सगळे म्हणत. नटांचे कपडे चार दिवस सांभाळून बघा आणि मग मला गोड बोलायला शिकवा.

नाटक साधं होतं. एका मोठ्या घरी साहेब येतो, मधल्या उंच खुर्चीत बसतो, घराच्या मालकाला दम देतो आणि निघून जातो. मग घरची मालकीण आतून येते, त्याच खुर्चीत बसते आणि पुढचा सगळा प्रवेश रडते. तेव्हा आपल्यावर राज्य परक्यांचं होतं. नाटकातल्या प्रत्येक शब्दावर परवानगी कचेरीचा शिक्का लागायचा. म्हणून नाटकातला साहेब भला होता आणि दम देत होता तोही त्या घराच्या भल्यासाठी. शब्दांत कुणाला काही सापडलं नसतं.

अडचण शब्दांची नव्हती, सफेद्याची होती. साहेबाचं काम करणाऱ्या नटाला आम्ही लंबू म्हणायचो. त्याची उंची साहेबाची, पण रंग आमच्या तव्याचा. त्यामुळे त्याच्या तोंडाला, मानेला आणि कोपरापर्यंत हातांना तेलात कालवलेला सफेदा फासावा लागे. दिव्यांच्या झळीने तो पाघळायचा आणि खुर्चीच्या हातांवर लंबूचे पंजे उमटायचे. खुर्ची काळ्या मखमलीची. तिच्यावर नायिकाबाई बसायच्या काळ्या रेशमी झग्यात, आणि उठायच्या तेव्हा बाह्यांना पांढरे पट्टे. तो झगा त्यांनी पदरमोड करून शिवून घेतला होता. रेशमावरचा तेलाचा डाग कसा काढतात ते मला विचारू नका, निघत नाही. पहिल्या खेळानंतर बाई माझ्यावर ओरडल्या आणि मी ह्यांच्यावर ओरडले.

"साहेब आत गेला की खुर्ची पुसायची," मी म्हटलं. "बैठक, दोन्ही हात, पाठ. पुसल्याशिवाय माझं एक कापड त्या खुर्चीला टेकणार नाही. आणि पुसून झालं की फडकं अंगापासून लांब धरा. सदऱ्याला सफेदा लागला तर तुम्हीच धुवाल."

"बरं," हे म्हणाले. ह्यांचं बरं म्हणजे दगडावरची रेघ.

पुढच्या खेळाला साहेब उठून गेला, घराचा मालक त्याला पोचवायला गेला आणि रंगमंचावर हे एकटे उरले. ह्यांनी खांद्यावरचं फडकं काढलं. ह्यांचं काम म्हणजे काम, समोर हजार माणसं असोत नाहीतर घरचं स्वयंपाकघर असो. मखमलीची लव आधी उलटी पुसली, मग सुलटी पुसली. वाकून डोळा लावून पाहिलं. एक ठिपका राहिला होता तो नखाने खरवडला. मग फडकं दोन बोटांत कोपऱ्याला धरलं, हात लांब केला आणि मेलेला उंदीर उचलून न्यावा तसे विंगेकडे चालत आले.

आधी मागच्या रांगेतला एक माणूस हसला. मग सगळं थेटर हसलं. मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात, आणि नायिकाबाई विंगेत रडका चेहरा करून ताटकळत राहिल्या. ह्यांनी फडकं माझ्या बादलीत टाकलं.

"आज बाईंना फार टाळ्या पडतायत," हे म्हणाले.

"बाई अजून रंगमंचावर गेल्यात कुठे?"

"मग कशाला वाजवतात?"

मला कळलं होतं. खाली बसलेल्यांना सफेदा दिसत नव्हता. त्यांना एवढंच दिसत होतं की साहेब जिथे बसला ती जागा आपला एक गडी घासून पुसतोय आणि फडकं सुद्धा अंगाला लागू देत नाहीये. टाळ्या ऐकून ह्यांना जरा हसू आलं. मला घाम फुटला.

मी भित्री आहे असं नाही. माझ्या भीतीचं कारण आमच्याच घरात बसलेलं होतं. माझा धाकटा भाऊ छापखान्यात खिळे जुळवायचा, बारीक बारीक अक्षरं चिमटीत धरून ओळी रचायचा. त्याने कुणाचा तरी कागद कुणाला तरी नेऊन दिला म्हणून पोलिसांनी त्याला उचललं. परत आला तेव्हा त्या चिमटीत चमचा ठरत नव्हता. मी भरवायची. दिवसभर तो कपाटाच्या आडोशाला बसे आणि रस्त्यावर बुटांचा आवाज आला की पाय पोटाशी घेई. तिथलं काही बोलायचा नाही. एकदाच म्हणाला होता, "ताई, आत ते एकच विचारतात. कोणी सांगितलं. नाव दिलं की थांबतात."

"तू दिलंस?" मी विचारलं होतं. तो भिंतीकडे वळला. मी पुन्हा तो विषय काढला नाही.

तेव्हा टाळ्या ऐकून मला काय दिसलं असेल ते समजून घ्या. मी त्याच आठवड्यात मालकांकडे गेले आणि म्हटलं, त्या खुर्चीवर चादर घाला, लंबूला हातमोजे द्या, काहीही करा, पण हे पुसणं बंद करा. मालक तंबाखू मळल्यासारखे हात चोळत म्हणाले, "वहिनी, लोक आता ते पुसणंच बघायला येतात. बाईंचं रडणं कोण बघतंय? चांगलं चाललंय ते चालू द्या." हातमोजे साहेबाला शोभणार नाहीत, असंही म्हणाले. खरं म्हणजे भरलेलं थेटर त्यांना शोभत होतं.

बाहेर तर कहरच झाला. साबण आणायला गेले तर दुकानदार इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "काल पाहिलं, वहिनी. आमच्या वतीने पण एक हात फिरवा म्हणावं." आणि डोळा मारला. मी साबण तिथेच ठेवून घरी आले. त्याला वाटलं असेल बाई रागावली. मी घरी येऊन आधी दाराला कडी लावली. हे बरोबर असले की लोक रस्त्याच्या पलीकडून हाक मारायचे, "काय खुर्चीवाले." हे थांबून विचारायचे, "कुठली खुर्ची? पाय मोडलाय की वेत?" लोक पोट धरून हसायचे, आणि त्या दिवसांत सुद्धा मला हसू यायचं. ह्यांना खरंच काही कळत नाही, असं मी धरून चालले होते. न कळणाऱ्या माणसाला कोण काय करणार, अशी स्वतःची समजूत घालायची.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्यामागे आला तो छत्री घेऊन आला. परवानगी कचेरीचा कारकून, आपल्यातलाच, बारीक, सर्दी झालेला. तालीम चालू असताना तो आला, मालकांशेजारी बसला आणि शिक्का मारलेली नाटकाची प्रत मांडीवर घेऊन पहिल्या प्रवेशावर बोट फिरवत गेला. सगळं जागच्या जागी होतं. मग त्याने ह्यांच्याकडे बोट केलं.

"हा खुर्ची पुसतो. ते ह्यात कुठे लिहिलंय?"

मालकांचा चेहरा उतरला. मी विंगेत झगा हातात घेऊन उभी होते. मला वाटलं, आता हे सांगतील, अहो सफेदा लागतो, एवढंच आहे. पण घाबरलेल्या माणसाला खरं आठवत नाही, स्वतःला वाचवेल तेवढंच आठवतं.

"लिहिलेलं नाही," मालक म्हणाले. "मी सांगितलेलं नाही. ते त्याच्या मनाचं आहे."

कारकून नाक पुसत उठला. "बडे साहेब उद्याच्या खेळाला स्वतः येणार आहेत. पुढच्या रांगेत जागा ठेवा." दारापर्यंत जाऊन तो मागे आला आणि हळू आवाजात ह्यांना म्हणाला, "बाबा रे, मलाही बायकामुलं आहेत. उद्या हात आवर."

हे म्हणाले, "बरं."

घरी आल्यावर मी फडकं ह्यांच्या खांद्यावरून ओढून घेतलं आणि माझ्या कमरेला खोचलं. "उद्या पुसायचं नाही. साहेब गेला की भिंतीशी जाऊन उभं राहायचं, हात मागे."

"आणि झगा?"

"जळो तो झगा."

हे माझ्याकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत माझ्या तोंडून कापडाबद्दल असं कधी निघालं नव्हतं. भाऊ कपाटामागून ऐकत होता. तो म्हणाला, "भावोजी, विचारलं तर कुणाचं नाव सांगाल?"

"नाव कसलं? डाग पडतो म्हणून पुसतो. डागाला नाव असतं का?"

"असं चालत नाही तिथे," भाऊ म्हणाला. "काहीतरी नाव लागतंच."

"माझं सांगा," मी म्हटलं. "मीच सांगितलं होतं ना? मग माझंच सांगायचं. कळलं?"

मी बरं ऐकायला थांबले. ह्यांनी पाण्याचा तांब्या उचलला, प्यायले आणि जागेवर ठेवून दिला. बरं काही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी थेटरात पाय ठेवायला जागा नव्हती. बातमी फुटली होती. पुढच्या रांगेत मध्यभागी बडे साहेब, गडद निळ्या कोटात, मांडीवर हातमोजे. शेजारी कारकून, साहेबाच्या कानाशी तोंड नेऊन शब्दन् शब्द सांगायला. दोन्ही बाजूंच्या वाटांवर शिपाई. मी विंगेतून पडद्याच्या फटीत डोळा लावला होता आणि माझा श्वास मलाच ऐकू येत होता.

खऱ्या साहेबासमोर साहेब व्हायचं म्हणून लंबूची पाचावर धारण बसली होती. त्याला इतका घाम आला की सफेदा हनुवटीवरून ओघळायला लागला. त्याने खुर्चीचे हात घट्ट धरून ठेवले आणि कसेबसे संवाद म्हटले. उठला तेव्हा काळ्या मखमलीवर दोन पांढरे पंजे उमटलेले होते, पाचही बोटं स्पष्ट, शेवटच्या रांगेतून दिसावेत असे.

तो गेला. हे उरले. सगळं थेटर पुढे झुकलं.

हे खुर्चीकडे पाहत उभे राहिले. ह्यांचा हात खांद्याकडे गेला. तिथे फडकं नव्हतं. मी विंगेतून मान हलवत होते, नको, नको. हे वळले, भिंतीशी गेले आणि हात मागे घेऊन उभे राहिले. मी डोळे मिटले. झालं, सुटलो, असं वाटलं.

तेवढ्यात नायिकाबाई रंगमंचावर गेल्या. रडत रडत खुर्चीपाशी आल्या आणि ते पंजे बघून थबकल्या. त्यांना बिचारीला राजकारणातलं काही कळत नव्हतं, झगा मात्र कळत होता. पुसल्याशिवाय बसायचं नाही हे मीच त्यांच्या डोक्यात ठोकून बसवलेलं. त्या खुर्चीला वळसा घालून पलीकडे गेल्या आणि उभ्याउभ्याच रडायला लागल्या. मग त्यांचा मुलगा झालेला नट आला. त्याचा कोटही माझ्या कपडेपटातला. तोही बसला नाही. मग घराचा मालक परत आला, त्याने खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे विंगेत पाहिलं आणि तो जमिनीवर बसला. साहेबाच्या हातांचे ठसे घेऊन ती खुर्ची मधोमध रिकामी उभी, आणि त्या घरातलं एक माणूस तिला शिवायला तयार नाही.

थेटरात कोणी हसलं नाही. कोणी टाळी वाजवली नाही. मागच्या रांगेत एक माणूस उठून उभा राहिला, मग त्याच्या शेजारचा, मग रांगच्या रांग. नुसते उभे. मला आयुष्यात कधी इतकी भीती वाटली नव्हती. टाळ्या परवडल्या असत्या.

बडे साहेब उठले. मालकांनी घाईने पडदा पाडायला लावला, आणि पडदा पुरता खाली यायच्या आत साहेब, कारकून आणि दोन शिपाई बाजूच्या पायऱ्या चढून वर आले होते.

साहेब खुर्चीभोवती एक फेरी मारून थांबला आणि काहीतरी बोलला. कारकुनाने ते आपल्या भाषेत ह्यांना सांगितलं. "साहेब विचारतायत, रोज पुसतोस, आज का नाही पुसलीस?"

बघा आता. पुसलं तरी गुन्हा, नाही पुसलं तरी गुन्हा. हे जमिनीकडे बघत उभे. मालक दोन पावलं मागे सरकले, त्यांच्याकडून काही होणार नव्हतं.

"कोणी सांगितलं तुला?" कारकुनाने विचारलं. त्याचा आवाज चिरकला.

हे गप्प. तेव्हा मला समजलं की हे माझं नाव घेणार नाहीत. एका शिपायाने ह्यांचा दंड धरला. मी पुढे आले.

"मी सांगितलं," मी म्हटलं. "मी कपडे सांभाळते. सफेदा लागून झगा खराब होतो म्हणून मी ह्यांना पुसायला सांगितलं, आणि तुम्ही येणार म्हणून मीच आज नको म्हटलं. दुसरं काही नाही. साहेबांना म्हणावं, हे बघा."

कमरेचं फडकं काढून मी ती खुर्ची पुसली. बैठक, दोन्ही हात, पाठ. मखमल काळीभोर झाली आणि फडकं पांढरं. ते मी साहेबापुढे धरलं. मग लंबूला दंडाला धरून ओढत आणलं आणि त्याच्या मनगटावरून बोट फिरवलं. खालचा रंग वर आला.

कारकून भराभर सांगत होता. झगा, तेल, सफेदा. साहेबाने फडक्याचा वास घेतला. लंबूच्या हातावर स्वतःचा अंगठा घासला आणि अंगठ्याकडे पाहिलं. मग तो हसायला लागला. मान मागे टाकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. आणि त्याच हसण्यात, लंबू कसा बसतो ते दाखवायला म्हणून, खुर्चीत जाऊन बसला, तिच्या हातांवर हात ठेवून. काहीतरी म्हणाला.

"साहेब म्हणतायत," कारकूनही आता हसत होता, "एवढी फौज पाळतो आम्ही, आणि घाबरलो कुणाला, तर कपडे धुणाऱ्या बाईला."

सगळे हसले. मालक सर्वांत मोठ्याने हसले. शिपायाने ह्यांचा दंड सोडला. उद्यापासून लंबूला हातमोजे घाला, असा हुकूम झाला, म्हणजे मी आधीपासून सांगत होते तेच. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला वाटलं, इथेच जमिनीवर बसून घ्यावं. साहेब उठला, कोट झटकला आणि जायला वळला.

ह्यांनी माझ्या हातातलं फडकं घेतलं. मला वाटलं, बादलीत टाकायला घेतायत.

हे खुर्चीपाशी गेले आणि पुसायला लागले. बैठक. एक हात. दुसरा हात. पाठ. मखमलीची लव आधी उलटी, मग सुलटी. वाकून डोळा लावून पाहिलं. एका जागी नखाने खरवडलं. तिथे काही नव्हतं, मी आत्ताच पुसली होती. मग फडकं दोन बोटांत कोपऱ्याला धरलं आणि हात लांब केला.

विंगेत उभा असलेला एक शिपाई, आपल्यातलाच, फिस्सकन हसला. त्याने लगेच तोंड दाबलं, पण साहेब मागे वळला होता. त्याने खुर्ची पाहिली. त्याने फडकं पाहिलं. आता त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"कोणी सांगितलं?" कारकुनाने साहेबाची वाट न बघताच विचारलं. तो जवळजवळ रडत होता.

"मी," मी म्हटलं. "आत्तासुद्धा मीच सांगितलं. त्यांना सवय आहे हो, जित्याची खोड, त्यांना काही कळत नाही."

"नाही," हे म्हणाले. रंगमंचावर उभं राहून ह्यांनी उच्चारलेलं ते पहिलं वाक्य. आवाज स्वच्छ होता, पडद्यापलीकडे पहिल्या रांगांना नक्की ऐकू गेला असेल. "हिने नाही सांगितलं. कोणीच नाही."

आणि माझ्याकडे पाहिलं. मी त्या नजरेत भीती शोधत होते. मला सापडली नाही. माझ्याच अंगात ती एवढी होती की दोघांना पुरली असती.

ह्यांना त्याच पांढऱ्या सदऱ्यात नेलं. फडकं पुरावा म्हणून वेगळ्या कागदात गुंडाळून नेलं. त्या दिवशी रस्त्यातून लोक बरोबर चालत गेले म्हणे. आता जो तो आपापल्या परीने गोष्ट सांगतो. दुकानदार सांगतो, पहिल्या दिवसापासून ठरवून चाललं होतं. मालक सांगतात, मला सगळं ठाऊक होतं. मी कुणाला काही सांगत नाही. मी नुसती आठवत बसते, "कुठली खुर्ची?" म्हणून हे रस्त्यात थांबायचे तेव्हाचा चेहरा. तेव्हा मला तो भोळा वाटायचा. सवयीने पुसलं असेल तर देव त्यांना वाचवो, आणि समजून पुसलं असेल तर मी इतकी वर्षं कुणाबरोबर जेवले?

पण ते सगळं नंतर. मला झोप लागत नाही ती दुसऱ्याच गोष्टीने. भाऊ आता कपाटामागून बाहेरच येत नाही. ह्यांना नेलं हे कळलं तेव्हा त्याने एवढंच विचारलं, "ताई, नाव काय दिलं त्यांनी?" मी म्हटलं, कोणी नाही म्हणाले. त्याने दोन्ही हात कानांवर ठेवले.

पहिल्या वेळी द्यायला नाव होतं, माझं. दुसऱ्या वेळी ह्यांना खरंच कोणी सांगितलं नव्हतं, आणि तिथे हे उत्तर कोणी घेत नाही.

म्हणून मी रोज सकाळी तुरुंगाच्या फाटकाशी जाते. जाताना वाटेत दोनदा पाय मागे वळतात, मी ते पुन्हा पुढे टाकते. फाटकावरच्या शिपायाला सांगते, माझं नाव लिहून घ्या. मीच सांगितलं होतं. दोन्ही वेळा मीच. एवढं आत नेऊन सांगा म्हणजे झालं. शिपाई मला आता ओळखतो. आज त्याने बसायला स्टूल दिलं.

"घरी जा, बाई," तो म्हणाला. "तुमचं नाव कालच आत दिलं मी. तुमचे यजमान नाही म्हणतात. त्यांना विचारतायत अजून."